कुठं वाकायचं, कुठं ताठ राहायचं

माझी भाची बेंगळुरूला शिकायला आली त्याला बारा दिवस झाले होते. कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं ती आणि माझा भाऊ निघाले. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर मागं टाकत सकाळी यशवंतपूरला उतरले. पीजीचं ॲडव्हान्स भरून, बादली-मग, उशी, कुलूप घेऊन देऊन भाऊ दोन दिवसांनी परत गेला. एम.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र घेतलेली ही मुलगी घरापासून लांब राहण्याची पहिलीच वेळ. बाराव्या दिवशी, गौरीच्या सणाला, ती मल्लेश्वरमला माझ्याकडं आली. आठव्या क्रॉसवर बाजार दाटला होता. हळद-कुंकू, बांगड्या, डाळ, गूळ घालून एकावर एक झाकलेली बागिनाची, म्हणजे वाणाची, सुपं, केळीचे खुंट, फुलांच्या माळा. त्या गर्दीतून वाट काढत ती आली, चपला काढल्या, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, मला परत जायचंय.’

त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहून ठेवते आहे. तिच्या बारा दिवसांच्या मताला मी धक्का दिला, आणि माझ्या तीसपस्तीस वर्षांच्या मताला तिनं.

भाची : इथं सगळंच उलटं आहे. आपल्याकडं आधी गणपती बसतात, मग गौरी येतात. इथं गौर आज आणि गणपती उद्या.

मी : इथली गोष्ट अशी, की गौरी आज माहेरी येते आणि उद्या तिचा लेक तिला न्यायला येतो. माहेरवाशीण दोन्हीकडं तीच आहे.

भाची : तिला न्यायला कुणीतरी येतं तरी.

मी : बस इथं. नेमकं काय झालं ते सांग.

भाची : सोमवारी बसमध्ये चढले. कंडक्टरनं विचारलं, ‘एल्लि?’ कुठं, असं असेल. मी हिंदीत सांगितलं. त्यानं पुन्हा कानडीतच काहीतरी विचारलं. माझ्या पुढच्या बाईनं आधार कार्ड दाखवलं, तिला फुकट तिकीट मिळालं. मीही माझं दाखवलं. त्यानं पत्ता वाचला आणि मान हलवली. सगळ्या बायका बघत होत्या. पर्समधून पैसे काढताना वाटलं, ही बस आपली नाही आणि हे गावही नाही.

मी : ती शक्ती योजना. 11 जून 2023 पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. तुझ्या कार्डावर कोल्हापूरचा पत्ता आहे, म्हणून पैसे पडले. त्यात तुझा अपमान कुणी केला नाही.

भाची : पण तो हिंदीत बोलला असता तर काय झालं असतं? त्याला येत असणार.

मी : येत असेल किंवा नसेल. तू एक शब्द कानडीत बोलली असतीस तर?

भाची : मला येत नाही. आणि खरं सांगू, शिकायचीही नाही. मी दोन वर्षांसाठी आलेय. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पुण्यात मिळाला तर दीडच वर्ष. शिकवतात इंग्रजीत, प्रयोगशाळेत इंग्रजी, वर्गातल्या मुली केरळच्या, आंध्रच्या, झारखंडच्या. आम्ही हिंदी-इंग्रजीवर भागवतो. दीड वर्षासाठी नवी भाषा, नवी गोल गोल अक्षरं, हे ओझं कशाला? आधीच वाचायला वेळ पुरत नाही.

मी : कोल्हापुरात महाद्वार रोडवर कुणी दुकान थाटलं आणि ‘मराठी नहीं आती’ म्हणाला, तर तुझे बाबा काय म्हणतात?

भाची : चिडतात. मीही चिडते.

मी : महाराष्ट्रानं 2022 साली कायदा दुरुस्त केला आणि प्रत्येक दुकानावर मराठी पाटी सक्तीची केली, तेव्हा आपल्या घरात सगळ्यांना बरं वाटलं होतं. कर्नाटकानं 2024 साली पाटीवर साठ टक्के कानडी हवी असं ठरवलं. भावना तीच आहे. जे आपण आपल्या दारात मागतो ते दुसऱ्याच्या दारात द्यायला नको?

भाची : पाटीचा कायदा दुकानाला असतो, माणसाला नसतो. दुकानदार धंदा करायला येतो, पैसे मिळवतो, पिढ्यान् पिढ्या राहतो. मी फी भरून शिकायला आलेय आणि निघून जाणार आहे. शिकायला आलेल्या पोरीकडून आणि शोरूमच्या मालकाकडून सारखीच अपेक्षा कशी करशील?

तिचं म्हणणं मला नाकारता आलं नाही. मी कायद्याची बाजू सोडली आणि कोथिंबिरीची गोष्ट सांगितली.

मी : बरं, कायदा राहू दे. मी 1989 साली लग्न होऊन इथं आले. तुझे काका जालहळ्ळीच्या एचएमटीत होते. ते सकाळी गेले की मी घरात एकटी. पहिले आठ दिवस मी भाजीला गेले नाही, कारण काय म्हणून मागायचं? शेवटी एक दिवस घरातली कोथिंबिरीची वाळकी काडी मुठीत धरून आठव्या क्रॉसला गेले आणि भाजीवालीच्या समोर मूठ उघडली. ती म्हणाली, ‘कोत्तंबरि सोप्पु.’ मी तिथं उभी राहून हसले. आठ दिवस ज्या शब्दाला घाबरले तो अर्धा माझाच होता.

भाची : कोथिंबीर, कोत्तंबरि.

मी : तुपाला तुप्प म्हणतात. अक्का, अण्णा तर तुझ्या तोंडात रोजचेच. आणि अडकित्ता? इथं सुपारीला अडके म्हणतात. मल्लेश्वरमच्या या संपिगे रोडवर तू रोज चालतेस ना, संपिगे म्हणजे सोनचाफा. ते कळल्या दिवसापासून मला तो रस्ता वेगळा वाटला. त्या भाजीवालीनं मग मला रोज एक शब्द दिला. दोन महिन्यांनी मी तापानं पडले तेव्हा ती घर शोधत आली. आठ दिवस दिसले नाही म्हणून.

भाची : पण आत्या, तू राहायला आली होतीस. तुझ्यापाशी दुपार होती. माझी दुपार प्रॅक्टिकलमध्ये जाते. संध्याकाळी पाय दुखत असतात, पोटात भूक असते, आणि पीजीत रोज भात, सांबार, परत भात. भाकरीचा घास नाही. त्या वेळी मला कुणाची भाषा शिकायची नसते, मला फक्त कुणीतरी माझ्या भाषेत ‘जेवलीस का’ विचारायला हवं असतं.

मी : तेच इथंही विचारतात. ‘ऊट आयता?’ जेवण झालं का. भेटल्यावर पहिलं हेच. तुझ्या पीजीतली स्वयंपाकाची बाई विचारत असेल.

भाची : (थोडं थांबून) विचारते. मला वाटलं, ताट उचल म्हणतेय. मी रोज घाईनं ताट उचलून निघून जायची.

मी तिला काही बोलले नाही. तिनं स्वतःच मान खाली घातली. मी कॉफी केली, डिकॉक्शन घट्ट, आणि एकीच्या दोन करून दोन पेल्यांत ओतली. इथल्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, दोघांत एक कॉफी मागायची असली की ‘बाय टू’ म्हणतात. परक्या मुलीला पहिल्या महिन्यात पैसे वाचवायला हा शब्द फार उपयोगी पडतो. खारा बात म्हणजे आपला तिखट सांजा, केसरी बात म्हणजे शिरा, आणि दोन्ही एका ताटलीत हवे असतील तर चौ चौ बात, हेही तिला सांगून झालं. मग सहज विचारलं, खोली कशी आहे.

भाची : ठीक आहे. आता आम्ही चौघी झालो.

मी : चौघी? तिघींची खोली म्हणून पैसे भरले होते ना बाबांनी?

भाची : हो. पण पाचव्या दिवशी चौथी खाट आणून टाकली. दाराला अगदी खेटून. दार अर्धंच उघडतं, आडवं होऊन आत जावं लागतं. रात्री उठायचं तर त्या मुलीच्या पायांवरून. केअरटेकर म्हणाला, ‘स्वल्प ॲडजस्ट माडी.’ सगळ्याच मुली गप्प बसल्या, मीही बसले. मला वाटलं, नव्या गावात रुळणं म्हणतात ते हेच असेल.

मी : भाडं कमी केलं?

भाची : नाही. आणि मध्येच सोडलं तर ॲडव्हान्समधून एका महिन्याचं कापणार.

‘स्वल्प ॲडजस्ट माडी’, थोडं सांभाळून घ्या, हे वाक्य इथं बसमध्ये, रांगेत, लग्नाच्या पंगतीत दिवसातून दहादा ऐकू येतं. मला ते आवडतं. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याला टेकू देणारं हे वाक्य आहे. पण त्याच वाक्यानं माझ्या भावाच्या पैशांतली एक खाट काढून घेतली होती. मला अडून बसलेल्या एका मुलीची गोष्ट आठवली. मी तिला विचारलं, तुझी बस टाटा इन्स्टिट्यूटवरून, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सवरून येते ना?

भाची : हो. ते मोठं दगडी आवार. तिथं प्रवेश मिळावा अशी माझी फार इच्छा होती.

मी : 1933 साली तुझ्याच वयाच्या एका मराठी मुलीची हीच इच्छा होती. कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची बहीण, पुढच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळं तिला वाटलं, आपल्याला कोण अडवणार? संचालक होते सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती.

भाची : मग?

मी : ती बेंगळुरूला येऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. गांधीजींच्या वाटेनं सत्याग्रह केला, हलली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं, आणि तिच्यामुळं बाकीच्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्या नावाचे कडक मार्गदर्शक मिळाले. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर तिनं काम केलं. वर्षभरात सगळ्यांची खात्री पटली, प्रवेश पक्का झाला आणि त्यानंतर मुलींसाठी ते दार उघडलं. पुढं 1939 साली तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

भाची : बघ! म्हणजे माझंच खरं. तिनं भाषा शिकून, गोड बोलून जागा नाही मिळवली. भांडून आणि काम करून मिळवली. कामानंच माणूस रुजतं.

मी : भांडली ती दारात. आत गेल्यावर त्या अटी पाळल्याही.

भाची : त्या अटी अन्यायाच्याच होत्या. तिनं त्या मानल्या हे बरोबर केलं की चूक?

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलेला नव्हता. कमलाबाईंची गोष्ट मी नेहमी विजयाची गोष्ट म्हणून सांगत आले. पण तिच्या पोटात एक अपमानाचं वर्ष आहे, आणि ते एका विशीतल्या मुलीनं परक्या गावात काढलेलं आहे.

मी : अटी चुकीच्या होत्या. पण मला वाटतं, काय सोडायचं नाही हे तिनं आधी ठरवलं होतं. दार उघडलंच पाहिजे, यावर ती अडून बसली. ते उघडल्यावर बाकीचं सोसायचं की नाही हे तिनं स्वतः ठरवलं, दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं नाही. तुझं उलटं झालंय बाळा. जी खाट तुझ्या हक्काची, पैसे भरून घेतलेली, तिथं तू गप्प बसलीस. आणि ‘ऊट आयता’ला ‘आयतु’ म्हणायचं, एवढ्यासाठी ताठ राहिलीस. वाकायचं तिथं ताठ आणि ताठ राहायचं तिथं वाकलीस.

ती बराच वेळ बोलली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या फुलवाल्याचा आवाज येत होता. मग तिनं पेला खाली ठेवला आणि माझ्याकडं सरळ पाहिलं.

भाची : मग तुलाही विचारते. राग येणार नाही ना?

मी : विचार.

भाची : ताईला मराठी वाचता का येत नाही? दारावरच्या पाटीवर आपलं आडनाव कानडीत आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. आजीची पत्रं यायची ती तू तिला वाचून दाखवायचीस. आजी गेली, आता ती पत्रं ताईसाठी नुसते कागद आहेत. तू एवढं जुळवून घेतलंस, ते मला पटतं. पण तू कुठं ताठ राहायला हवं होतंस?

माझ्या मुलीची शाळा इंग्रजीतली, तिथं दुसरी भाषा कानडी, तिसरी हिंदी. घरात आम्ही मराठीच बोलतो, तिचं बोलणं स्वच्छ आहे. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीतली नाटकं पाहायला मी तिला नेत असे. पण पाटी-पेन्सिल घेऊन अक्षर गिरवायला कधी बसवलं नाही. आज ना उद्या करू म्हणत वर्षं गेली.

मी : इथल्या एकाही कानडी माणसानं मला मराठी सोड असं कधी म्हटलं नाही. ती माझी मीच सोडली. जुळवून घेण्याची सवय लागली की जिथं कुणी मागितलेलं नसतं तिथंही माणूस देत सुटतं.

भाची : धारवाडच्या बेंद्र्यांचं नेहमी सांगतेस ना, घरची भाषा मराठी आणि ज्ञानपीठ मिळालं कानडी कवितेला.

मी : हो. 1973 सालचं, ‘नाकु तंति’साठी.

भाची : पण त्यांनी मराठीतही लिहिलं, तेवढं तू सांगत नाहीस. सोलापूरच्या कॉलेजात ते शिकवायचे, आमच्या सरांनी सांगितलं होतं. दोन्ही हातांत दोन भाषा धरता येतात. तू एक खाली ठेवलीस, मी दुसरी उचलायलाच तयार नव्हते.

संध्याकाळी आम्ही काडु मल्लेश्वराच्या देवळात गेलो. काडु म्हणजे रान. या रानातल्या महादेवावरूनच मल्लेश्वरमला नाव मिळालं. 1898 च्या प्लेगच्या सुमारास जुन्या पेठेतली दाटी मोडायला सरकारनं ही वस्ती आखली, पण देऊळ त्याआधीचं, सतराव्या शतकातलं. व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावानं, या देवाला दान दिल्याचा शिलालेख आहे. भाचीला याची कल्पना नव्हती, म्हणून मी तिला मागचंही सांगितलं. केंपेगौडांनी 1537 साली वसवलेलं बेंगळुरू 1638 साली विजापूरकरांनी घेतलं आणि शहाजीराजांकडं जहागीर म्हणून आलं. लहानपणी शिवाजी महाराजही इथं येऊन राहिले होते.

भाची : म्हणजे हे शहर आपलंच होतं की!

मी : जहागीर म्हणून आलं तसं गेलंही. 1687 साली ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडं गेलं. सत्तेचं काही उरलं नाही. उरलं ते हे देऊळ, कारण ते दिलेलं होतं. आज इथला पुजारी कानडी, येणारे बहुतेक लोक कानडी, आणि दिवा तेवता आहे. शहाजीराजांचा दरबार इथं भरायचा तेव्हा त्यात किती भाषांचे कवी होते ते जयराम पिंड्यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त लिहून ठेवलंय. राजाला जमलं ते आपल्याला जड जाऊ नये.

भाची : राजाला कुणी चौथी खाट टाकून दिली नव्हती.

मी : म्हणून त्या खाटेचं आधी बघ. उद्या गणपती झाले की लेखी दे. पैसे भरल्याची पावती जोड.

निघताना ती दारात म्हणाली, ‘येते हं आत्या.’ मी तिला सांगितलं, इथंही कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, जाऊन येते. तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

पुढं काय झालं ते तिनं मला फोनवर सांगितलं. चौथ्या खाटेवरची मुलगी रायचूरची. सात दिवस दोघी एका खोलीत झोपत होत्या आणि एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भाचीला वाटत होतं, ही आपल्या जागेत घुसली; त्या मुलीला वाटत होतं, ही आपल्याला तुच्छ मानते. खरं तर तिच्याकडूनही तिघींच्या खोलीचेच पैसे घेतले होते. तक्रार भाचीनं इंग्रजीत लिहिली, चौघींनी सह्या केल्या, आणि मालकासमोर कानडीत बोलली ती रायचूरची मुलगी. भाची शेजारी पावत्या धरून उभी होती आणि मध्ये एकदा, अडखळत, ‘नाल्कु बेड, मूरु’ एवढं म्हणाली. चार नकोत, तीन. आठवड्यात वरच्या मजल्यावर त्या मुलीला जागा मिळाली. आता दोघी सकाळी एकाच बसनं जातात.

मीही एक गोष्ट केली. आजीच्या पत्रांचा डबा माळ्यावरून काढला. दर रविवारी भाची येते आणि माझ्या मुलीबरोबर जेवणाच्या टेबलावर बसते. एक तास मुलगी तिला कानडी अक्षरं शिकवते, एक तास ती मुलीला मराठी वाचायला लावते. पहिल्या रविवारी पत्रातली पहिली ओळ माझी मुलगी बोट ठेवून वाचत होती. ‘बाळ’ या शब्दापाशी आली. मला वाटलं अडेल, हिंदीत शिकलेल्या देवनागरीत तिला हे अक्षर भेटलेलं नव्हतं. भाचीनं वहीत ‘ळ’ काढून दाखवला. मुलीनं त्याच्या शेजारी कानडीतला ‘ळ’ काढला आणि मोठ्यानं उच्चारला, अगदी आजी उच्चारायची तसा.